द्रौपदीकाकीच्या वीकनेसच्या गोळ्या

आमच्या इमारतीत आजवर कुणालाही मोठा आजार झालेला नाही. माणसं गेली, नाही असं नाही, पण मोठ्या आजारानं कुणी गेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा वीकनेसनं गेले. सहाव्यावरची एक मामी इन्फेक्शननं गेली. बायपास करून घरी आलेल्या माणसाला आमच्याकडे गॅस झालेला असतो, आणि ज्याचं तोंड चार दिवस वाकडं होतं त्याला एसीचा वारा लागलेला असतो. ही सगळी निदानं आमच्या द्रौपदीकाकीची. डॉक्टरचं निदान हॉस्पिटलच्या फायलीत राहतं, काकीचं इमारतभर चालतं.

मी श्रुतिका. काकीच्या समोरचं दार माझं, पाचवा मजला. घाटकोपर पश्चिमेला भटवाडीच्या बाजूला आमची जुनी चाळ होती, ती पाडून ही इमारत झाली. लिफ्ट आली, टाइल्स आल्या, संडास घरात आला, माणसं मात्र तीच राहिली. अर्धी मालवण-कणकवलीकडची. त्यांचे बाप-आजे गिरणीत होते आणि मुलं आता कुरिअरपासून कॉल सेंटरपर्यंत मिळेल तिथे आहेत. चाळीची गॅलरी गेली म्हणून लोक लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये खुर्च्या टाकून बसतात. लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्याला आधी चार जणांचे गुडघे ओलांडावे लागतात आणि मग कुठून आलास ते सांगावं लागतं.

मी कामाला अंधेरीत, हेल्थ इन्शुरन्सचे क्लेम तपासणाऱ्या एका कंपनीत. मेट्रोनं जाते, मेट्रोनं येते आणि मधला सगळा वेळ आजारांची इंग्रजी नावं वाचते. गंमत म्हणजे त्या ऑफिसात बोलण्यातसुद्धा आजारच असतात. माझ्या शेजारी बसणारा देवव्रत चांगला ठणठणीत माणूस आहे, जिमला जातो, पण त्याला रोज काहीतरी असाध्य झालेलं असतं. टेबलावरचं पेन तिरकं दिसलं की "मला ओसीडी आहे यार." रजा नामंजूर झाली की डिप्रेशन. बॉस सकाळी हसला आणि दुपारी ओरडला की तो बायपोलर. चावी विसरली की अल्झायमर, मीटिंग म्हटलं की ॲलर्जी, आणि एक्सेल अडकलं की "हा कॅन्सर आहे, कॅन्सर!" हे सगळं ऐकून मी संध्याकाळी घाटकोपरला परत येते, तर इथे ज्याला खरोखरच कॅन्सर झालाय त्याची दाढ दुखत असते.

ही दाढ काशीरामकाकांची. ते आमच्याच मजल्यावर राहतात. बायको गेली, मुलगा दुबईला, घरात एकटेच. काही वर्षांपूर्वी त्यांच्या जबड्याचं मोठं ऑपरेशन झालं, गालाचा आकारच बदलला. काकीनं पॅसेजमध्ये जाहीर केलं, "काशीरामची दाढ काढली. मुळापासून होती, म्हणून जरा मोठी चीर." सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दाढ दुखणाऱ्या माणसाकडे जायला भीती वाटत नाही, त्यामुळे काशीरामकाकांच्या घरात महिनाभर माणसांचा राबता राहिला.

काकी पासष्टीच्या पुढची. बुटकी, आवाज खणखणीत, घरात गाऊन आणि दाराबाहेर पडताना गाऊनवर ओढणी. ओढणी टाकली की तिच्या मते ती पूर्ण नटलेली असते. फक्त हॉस्पिटलला जाताना नेसते साडी, आणि हातात झाकणाची स्टीलची किटली. किटलीत उकड्या तांदळाची गरम पेज, वर पदरात पुरचुंडी बांधून लिंबाचं लोणचं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत. बाकीचे केळी नाहीतर नारळपाणी नेतात, काकी पेज नेते. आयसीयूच्या दारातल्या गार्डशी भांडून तिनं ती किटली आत नेल्याचं मी स्वतः पाहिलंय. आत जाऊन ती आजाऱ्याच्या पलंगावर टेकते, एक वाटी त्याला देते, एक स्वतः घेते, आणि त्याच्यासोबत पिते. मग त्याच्या आजाराला एक लहानसं, बहुतेक वेळा इंग्रजी नाव देते. हा तिचा शिरस्ता.

नावांचे तिचे कायदे आहेत. आजाराचं खरं मराठी नाव चालत नाही, ते अंगावर येतं. अर्धांगवायू म्हटलं की माणूस तिथल्या तिथे खाटेला खिळतो, त्यापेक्षा "नस दबली" म्हणावं. अटॅक आला असेल तर त्याच्यापुढे "माईल्ड" लावल्याशिवाय तो तोंडातून बाहेर काढायचा नाही. ऑपरेशन नेहमी "मायनर". डेंग्यू म्हणजे व्हायरल, कावीळ म्हणजे हीट, आणि ज्याचं काहीच म्हणून काही ठरत नाही तो वीकनेस. एकदा माझं जमत आलेलं लग्न मोडलं. मी देवव्रतसारखीच उशीत तोंड खुपसून म्हणाले, "काकी, मला डिप्रेशन आलंय." काकीनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "काय नाय तां. ॲसिडिटी आसा. पेज पी." आणि खरं सांगते, पेज प्यायल्यावर मला बरं वाटलं, याचा मला आजही राग येतो.

तर अशा या काकीला दिवाळीनंतर खोकला लागला.

"फटाक्यांची ॲलर्जी," तिनंच जाहीर केलं. फटाके संपून महिना झाला तरी ॲलर्जी संपेना. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, ती म्हणायची स्वयंपाकघरात उकडतं. गाऊन अंगावर लोंबायला लागला, तर टेलरला शिव्या. शेवटी तिचा मुलगा नितेश तिला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेला. नितेश मुलुंडच्या एका मॉलमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. एरवी बोलायला भारी, पण आईसमोर त्याचा फ्यूज उडालेला असतो. एक्स-रे झाला, थुंकी तपासायला गेली, आणि एका संध्याकाळी तो रिपोर्ट घेऊन माझ्या दारात उभा राहिला. इमारतीत कुणाचाही रिपोर्ट आला की आधी तो माझ्याकडे येतो. मी क्लेमवाली ना.

वाचायचं फार नव्हतं. दोन अक्षरं होती.

"टीबी," मी म्हणाले.

"हळू बोल ना!" त्यानं मागे वळून पॅसेजकडे पाहिलं. "डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही. पूर्ण बरी होईल."

"मग झालं तर. जा, सांग तिला."

"वेड लागलंय काय तुला? ती खचेल. आणि ह्या लोकांना कळलं तर तिच्या हातची पेज कोण घेईल? ती किटली बंद झाली ना, तर आई गोळ्यांनीसुद्धा उठायची नाही."

"अरे, पण मग गोळ्या कसल्या म्हणून सांगणार आहेस?"

"सांगितलं मी. वीकनेसच्या."

मी कपाळावर हात मारला. काकीनं जन्मभर लोकांसाठी वापरलेला शब्द पोरानं तिलाच नेऊन दिला होता. मी त्याच्याशी तासभर भांडले. पण आई त्याची, घर त्याचं. "तू नाही सांगायचं, शप्पथ आहे" असं त्यानं म्हटलं आणि मी चरफडत घरात आले.

मग समोरच्या घरात एक मोठं नाटक सुरू झालं. नितेशची बायको जान्हवी पाकिटातून गोळ्या सोडवून पानसुपारीच्या स्टीलच्या डबीत ठेवायची, म्हणजे नाव दिसायला नको. काकीला मास्क लावायचा होता, तर समोरच्या खोदलेल्या रस्त्याच्या धुळीची ॲलर्जी सांगितली. घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी होती, तर म्हणे जान्हवीच्या ऑफिसात फुल बॉडी चेकअपची स्कीम आलीय. सुरुवातीचे काही आठवडे तिनं कुणाकडे जाऊ नये म्हणून वीकनेसमध्ये जिने चढायचे नसतात असा नियम काढला. लिफ्ट आहे, हे काकीनं लक्षात आणून दिलं, तर नितेश म्हणाला लिफ्टनं प्रेशर लो होतं. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, तर तो व्हिटॅमिनचा रंग. मी समोरून सगळं बघत होते, आणि खोटं बोलायला एवढी अक्कल लागते तर खरं बोलायला किती कमी लागेल असं मनात म्हणत होते.

पण गोळ्यांना नाटकाशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी त्यांचं काम केलं. काकीचा ताप गेला. खोकला गेला. जेवण वाढलं, गालावर पुन्हा मांस दिसायला लागलं, आणि डॉक्टरांनी बाहेर फिरायची मोकळीक दिली. किटली पुन्हा फिरू लागली. नितेश मला पॅसेजमध्ये भेटला की भुवया उडवायचा, बघितलंस? मीसुद्धा म्हटलं, असेल बाबा, असंच चालत असेल.

घोळ झाला तो काकीच्या स्वभावामुळे. आमच्या माणसांत चांगली लागू पडलेली गोळी कुणी एकट्यानं खात नाही. डोकेदुखीची पट्टी अख्ख्या मजल्यावर फिरते, एकाचा काढा दुसऱ्याला, एकाचं मलम तिसऱ्याच्या गुडघ्याला. काकीला वीकनेसच्या गोळ्यांनी इतकं झकास वाटत होतं, आणि समोर काशीरामकाका गुडघ्यावर हात ठेवून "पायात जीवच नाय" म्हणत बसलेले. सुरुवातीला जान्हवी गोळ्या स्वतः हातावर ठेवून समोर गिळायला लावायची. आता काकी बरी दिसते म्हटल्यावर ती आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून कामाला पळायची. डबीचा कारभार काकीच्या हातात आला. रोजच्या तीन गोळ्यांतली एक तिनं काशीरामकाकांना चालू केली.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की काकी पुन्हा खोकायला लागलीय. आधी पहाटे थोडा, मग दिवसाही. "रस्त्याची धूळ," काकी म्हणायची. रस्ता तोवर बुजवून झाला होता.

आणि एका रविवारी सकाळी काशीरामकाका माझ्या दारात आले. चेहरा पांढराफटक, एका हातानं लुंगी धरलेली.

"श्रुतिका, माझी वाट लागली. लघवीतून रगात जाता."

"रक्त? लाल आहे का?"

"लाल नाय. संत्र्याच्या सरबतासारख्या."

मी विचारलं, "काका, कुठली नवीन गोळी घेताय का?"

"गोळी? नाय गो. ती आपली द्रौपदी वीकनेसची देता, तीच. माका बरा वाटता तिना."

मी काकांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, रक्त नाही म्हणून सांगितलं, आणि नितेशला दिलेली शप्पथ तिथेच लिफ्टपाशी टाकून समोरच्या घरात शिरले.

काकी मोरीपाशी पाटावर बसून बांगडे साफ करत होती. नितेश आणि जान्हवी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. मी म्हटलं, "काकी, तुझ्या गोळ्या काशीरामकाकांना देतेस?"

"दितंय. तेका काय हरकत? एक तेका, दोन माका. माझो वीकनेस आता गेलो तर."

नितेश ताडकन उठला. "आई! किती दिवस?"

"मेल्या, बोंबलतंस कित्याक? वॉचमनाकपण दिलंय. आणखी कोणाक दिलंय, आता याद पण नाय. वीकनेस कोणाक नाय ह्या मुंबईत?"

"आई, ते... म्हणजे ते नुसतं वीकनेसचं नाहीये. थोडं इन्फेक्शन होतं. म्हणजे माईल्डच होतं, पण..."

काकीच्या हातातला बांगडा थांबला. तिनं पोराकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. इन्फेक्शन आणि माईल्ड हे दोन शब्द एका दमात कधी वापरायचे हे या इमारतीत तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

"श्रुतिका," ती म्हणाली. "नाव सांग."

आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला आजाराचं नाव विचारत होती.

"टीबी, काकी."

काकी रडली नाही, खचलीही नाही. तिनं हात धुतले, उठली, मांडणीवरून स्वतःचं ताट काढलं, वाटी काढली, पेला काढला, आणि तिन्ही भांडी बाल्कनीच्या दारापाशी खाली जमिनीवर नेऊन ठेवली. मग त्या भांड्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिकडे गेले.

जान्हवी रडायला लागली. माझं डोकं फिरलं. मी ते ताट उचललं आणि मांडणीवर दाणकन आपटलं. "काय चाललंय काकी? कुठल्या जमान्यात आहेस? डॉक्टरांनी सांगितलंय, ताटावाटीतून नाही होत ते!"

"माका म्हायत नाय तां," काकी म्हणाली. "माका इतक्याच म्हायत आसा. माझ्या थोरल्या भयणीक झालेलो. मी ल्हान होतंय. आयेन तिका मागल्या पडवीत ठेवलेली. येगळा ताट, येगळो पेलो. पेज उंबऱ्यार ठेवन परत येवची, आत जावचा नाय. क्षय म्हटल्यार लोक आमच्या बावीचा पाणी घेयनासे झाले. पडवीतसून ती माका हाक मारी. मी जायनासय. आयेन सांगलेला, जाव नको." तिनं शेजारचा पेला सरळ केला. "ती आजारान गेली काय एकटी पडान गेली, ता देवाक म्हायत. पण नाव कळला नसता, तर कोणी तरी तिच्यावांगडा बसान पेज प्यायला असता."

नितेश आईच्या पायाशी बसला होता. त्याला ही मावशी होती हेच ठाऊक नव्हतं. मलाही आत्ता कळलं की आयसीयूतसुद्धा काकी दुसरी वाटी कुणासाठी भरत होती. राग आला, कुणाचा ते मात्र कळेना.

दुपारी आम्ही सगळे डॉक्टरकडे गेलो, काशीरामकाकांना घेऊन. डॉक्टर आधी नितेशवर ओरडले, मग जान्हवीवर, मग सवयीनं माझ्यावरही. काकांची गोळी बंद, रक्ताची तपासणी, घाबरण्यासारखं नाही. काकीची थुंकी पुन्हा तपासायला. अर्धवट गोळ्या घेतल्या की जंतू औषधाला सरावतो, मग साध्या गोळ्या लागू पडत नाहीत, वर्ष-दोन वर्षांचं जड औषध घ्यावं लागतं आणि तेही नक्की लागू पडेल असं नाही, असं त्यांनी काकीला समोर बसवून सांगितलं. "आणखी कुणाकुणाला दिल्यात गोळ्या, त्या सगळ्यांना माझ्याकडे पाठवा." काकीनं सगळं ऐकलं आणि फक्त एक विचारलं, "माझ्यामुळे कोणाक झालो नाय ना?" काकांची छाती स्वच्छ होती. घरच्यांची आधीच तपासून झाली होती.

परतल्यावर नितेश म्हणाला, "आई, तू घरात बस. मी आणि श्रुतिका गुपचूप विचारून येतो कुणी गोळ्या घेतल्यात ते. व्हिटॅमिनची बॅच खराब निघाली म्हणून सांगू."

काकी उठली. साडी नेसली. ओट्यावरची किटली घेतली, रिकामी. मास्क लावला आणि बाहेर पडली. सातव्या मजल्यापासून सुरुवात. मी मागोमाग. प्रत्येक दाराची बेल वाजवायची, दार उघडलं की दोन पावलं मागे सरायचं आणि खणखणीत आवाजात सांगायचं:

"माका टीबी झालो हा. औषध चालू आसा. माझ्याकडची वीकनेसची गोळी कोणी घेतली आसात, तर उद्या डॉक्टरकडे जावा. ती वीकनेसची नव्हती."

हातात किटली बघून लोक हसत दार उघडत होते. मग त्यांचा हसरा चेहरा तसाच चिकटून राहायचा आणि डोळे इकडेतिकडे व्हायचे. "अगं असू दे काकी, हल्ली बरं होतं सगळं," असं म्हणत एकीनं पोराला पायानं आत ढकललं. एक जण म्हणाला, "टीबी म्हणजे माईल्डच ना?" काकी म्हणाली, "टीबी म्हणजे टीबी." चौथ्या मजल्यावर एक दार ती पुरतं बोलायच्या आत बंद झालं. काकी बंद दारासमोर उभी राहून राहिलेलं वाक्य पूर्ण करून आली. गोळ्या घेतलेले वॉचमन धरून आणखी तिघं निघाले. तळमजल्याला पोचेपर्यंत ती दमली होती.

त्यानंतर पॅसेज ओस पडला. खुर्च्या गेल्या. मला सगळे विचारायचे, "कशी आहे काकी?" आणि विचारता विचारता लिफ्टचं बटण दाबायचे. फोन करायचे, केळी दाराच्या कडीला अडकवून जायचे, पण उंबरा कुणी ओलांडेना. काकी जान्हवीसमोर तिन्ही गोळ्या गिळायची आणि खिडकीपाशी बसून राहायची. डॉक्टरांनी पुन्हा तपासून चांगली बातमी दिली. जंतू सरावलेला नाही, त्याच गोळ्या पुढे चालू, मात्र सहा महिन्यांच्या वर आणखी काही महिने. नितेशनं पेढे आणले. काकीनं एक पेढा उचलला, बघितला आणि परत बॉक्समध्ये ठेवला. "कोणाक देवचे?" म्हणाली. किटली ओट्याखाली उपडी पडली होती.

मी चिडले होते. त्या दिवसांत ऑफिसात देवव्रतचं एक्सेल अडकलं आणि तो नेहमीसारखा "कॅन्सर आहे हा" म्हणाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "नाही. हे एक्सेल आहे. रीस्टार्ट कर." तो बिचारा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याचा काय दोष? पण कुणावर तरी ओरडायचंच होतं मला.

मग काही आठवड्यांनी एका रविवारी दुपारी काकीची बेल वाजली. मी तिथेच होते, मटार सोलत. दार उघडलं तर काशीरामकाका. हातात दोन फडक्यांत धरलेला टोप, बुडाशी काळाकुट्ट. घरभर करपल्याचा वास सुटला.

"टीबीवाल्या बायेक पेज हाडलंय," काका मोठ्यानं म्हणाले. इतक्या मोठ्यानं की पॅसेजमधल्या सगळ्या दारांना ऐकू जावं. मग आत आले, टोप जमिनीवर ठेवला, गुडघे धरत धरत काकीसमोर खाली बसले. "वाट्यो दोन हाड गो श्रुतिका."

"काशीराम, लांब बस," काकी म्हणाली.

"गप बस तू. डॉक्टरान सांगला, आता तुझ्यापासून काय होणा नाय. माका कॅन्सर झालेलो, द्रौपदी." तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तो जरा अडखळत उच्चारला. "कॅन्सर झालेलो, आणि तू दाढ सांगलंस. म्हणून सगळे बघूक इले. तू माझ्या वांगडा पेज प्यायलंस, माझ्या ह्या फाटक्या तोंडातसून अर्धी गळत होती तरी. तुका म्हायत होता ना?"

"होता," काकी म्हणाली.

"माकाय म्हायत आसा. म्हणून इलंय."

त्यांनी दोन वाट्या भरल्या. एक तिच्यापुढे ठेवली, एक स्वतः तोंडाला लावली. काकी त्या वाटीकडे बघत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घळाघळा, आणि तिनं ते पुसलंही नाही. बाहेर एक दार उघडल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. कुणीतरी चपला काढत होतं.

काकीनं वाटी उचलली. एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"मीठ नाय, तांदूळ कच्चो, आणि बूड करपवलंस," ती म्हणाली. "मेल्या काशीराम, ह्या पेजेपेक्षा माझो टीबी बरो."

आणि वाटी पुढे केली, आणखी वाढ म्हणून.